थांबा नसलेल्या जागी

अकोल्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा असा वळसा घेऊन अमरावतीला जाणाऱ्या लाल गाडीवर मी सतरा वर्षं वाहक आहे. रस्त्यावरचं कुठलं कडुलिंब कोणत्या पावसाळ्यात पडलं आणि कोणत्या फाट्यावरचा मास्तर रोज पळत येऊन गाडी पकडतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तर एकदा वलगावच्या अलीकडे गाडीचं चाक पंक्चर झालं. चालक जॅक लावत होते तोवर मी पाय मोकळे करायला म्हणून शे-दीडशे पावलं पुढे गेले, आणि मधेच उभी राहिले. या रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा चालत होते. लाखांनी किलोमीटर झाले असतील, पण सगळे खिडकीतून. बाजूच्या वावरात तूर वाळली होती, वारा आला की शेंगा वाजत होत्या. हा आवाज पंधरा वर्षं माझ्या दोन्ही बाजूंना होता आणि इंजिनाच्या घरघरीत मी तो एकदाही ऐकला नव्हता.

"काय झालं बाई? भूत पाह्यलं का?" चालकांनी हाक मारली. हे आमचे चाचा. हिवरखेडचे, निवृत्तीला आलेले, माझ्यासोबत बरीच वर्षं त्याच गाडीवर.

"रस्ता पाह्यला चाचा," मी म्हटलं.

ते हसले. मी थट्टा करत नव्हते. माझ्या अंगावर खरंच काटा आला होता.

तेव्हा मी चाळिशीची होते आणि नुकतीच धावायला लागले होते. दिवसभर उभं राहून पायांवर सूज यायची, म्हणून अकोल्यात घराजवळच्या मैदानावर सकाळी आठदहा बायकांसोबत जायची. त्यांतल्याच एकीने बातमी आणली की जानेवारीत एक लांब पल्ल्याची शर्यत असते. अमरावतीच्या कडेवरून निघायचं, आसेगावला पूर्णेच्या पुलापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. साठ किलोमीटर, दहा तासांच्या आत. बाकीच्या बायका "अगं माय" म्हणून मोकळ्या झाल्या. माझ्या डोक्यात मात्र लगेच हिशेब बसला. आमच्यात भाड्याचा एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. म्हणजे दहा टप्पे, दहा तास, तासाला एक. आणि रस्ता माझाच. मी त्याच संध्याकाळी नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी आगारात सांगून टाकलं, ती चूकच झाली. "बाई, गाडी हाये ना आपली, काहून पायी चालल्या?" इथपासून ते "स्टेपनी घेऊन जाजा सोबत" इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मी चिडकी आहे. चिडवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून जास्त चिडवतात.

पहिलं दुखणं आलं ते आपल्या काळ्या मातीतून. एप्रिलमध्ये डांबर तापतं म्हणून मी वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पळत होते. उन्हाळ्यात त्या जमिनीला हात हात खोल भेगा पडतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझा पाय घोट्यापर्यंत भेगेत गेला आणि मी पुढे तोंडावर पडले. दोन महिने घोटा वांग्यासारखा होता. तो बरा होतो न होतो तोच दिवाळीनंतर टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की डोळ्यांतून पाणी यायचं. शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला, वीट तापवायची, वर रुईची पानं ठेवायची, त्यावर फडकं आणि मग टाच. मला घाई. मी फडकं वगळलं. टाचेला एवढा मोठा फोड आला की जानेवारीची शर्यत मी खिडकीतूनच पाहिली. आमची गाडी धावणाऱ्यांच्या शेजारून हळूहळू जात होती आणि मी त्यांच्या पाठीवरचे नंबर वाचत होते. चाचांनी मुद्दाम वेग कमी केला होता, ते मला कळलं होतं. त्या दिवशी मी प्रवाशांवर विनाकारण ओरडले.

पण खरी चूक पुढेच होती, आणि ती फक्त वाहकच करू जाणे.

आमच्या गाडीत एक दोरी असते. एकदा ओढली की एक घंटी, म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. थांबा नसलेल्या ठिकाणी एक घंटी मी तोवर कधी दिली नव्हती. "बाई, इथं उतरू द्या ना, वावर इथंच हाये," असं कोणी म्हटलं की "इथे थांबा नाही" हे शब्द माझ्याआधी माझं तोंड बोलायचं. एकाला मधे उतरवलं की उद्या दहा जण मागतात, मग गाडी वेळेवर पोचत नाही, असं माझं म्हणणं. चाचा कुरकुरायचे, "अरे उतरने दो ना बाई, आपल्या बापाचं काय जाते?" मी ऐकत नसे. माझी गाडी वेळेवर पोचते याचा मला गर्व होता.

मार्चमध्ये एका सुट्टीच्या दिवशी पहाटे मी अकोल्याहून अकोट रस्त्याने निघाले. गांधीग्रामच्या पुलावर सूर्य उगवला. पूल ओलांडला आणि उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, अंगठा ठेवला तर झाकेल एवढ्याशा जागेत दुखायला लागलं. स्नायू ओढल्यासारखं नव्हतं. पाऊल टेकलं की बरोबर तिथेच, टोचल्यासारखं. कोणीही शहाणा माणूस तिथेच बसला असता. माझ्या डोक्यात काय आलं? इथे थांबा नाही. चोहोट्ट्याला थांबू. आणि मी चोहोट्ट्यापर्यंत धावले. शेवटचे काही किलोमीटर मी दात आवळून मोठ्याने थांब्यांची नावं म्हणत होते. चोहोट्ट्याच्या चौकात पोचले, हात वर केले, आणि पाय खाली टेकेना.

अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान, पण तोंडाने माझ्याच वळणाच्या. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही. मोठ्या यंत्रात घालून पाहिलं तेव्हा हाडात केसासारखा तडा निघाला.

"दुखायला लागल्यावर किती पळालात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"का?"

मी थांब्याचं कारण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे पहा, सुरुवातीलाच बसला असता तर कदाचित एवढं झालं नसतं. आता दोन महिने या पायावर भार नाही. आणि नीट ऐका. भरून आल्यावर परत त्याच जागी असंच दुखणं अंगावर काढलंत आणि हाड तुटलं, तर सळई घालावी लागेल. मग धावत्या गाडीत आठ तास उभं राहायचं काम विसरा. टेबलावर बसायचं."

टेबलावर बसायचं. हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहिणं कठीण आहे. शर्यत राहिली बाजूला. गाडी हेच माझं आयुष्य होतं, त्यातला धूर, कलकल, दाराशी लोंबकळणारी कॉलेजची पोरं, या सगळ्यासकट. घरी आले तर नवऱ्याने धावायचे बूट उचलून माळ्यावर ठेवून दिले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

रजा टाकून मी माहेरी गेले, अंजनगाव सुर्जीला. माझ्या वडिलांचा तिथे अर्ध्या एकराचा पानमळा आहे. विड्याच्या पानांचा. बाबा सत्तरीच्या पुढे गेले तरी सकाळी सहाला मळ्यात असतात. मळ्यात पायताण चालत नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. मालक असो की पानांचा व्यापारी, चपला कुंपणाबाहेर. मी एका पायावर, काखेत कुबडी घेऊन दाराशी आले. डाव्या पायातली चप्पल काढली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुबडीच्या रबरी टोकाकडे पाहिलं. क्षणभर विचार केला, तांब्याभर पाणी आणलं आणि ते टोक धुतलं.

"आता ये," म्हणाले.

मला इतकं हसू आलं की कुबडी निसटता निसटता राहिली. महिनाभरात मी पहिल्यांदा हसत होते.

आत अंधारासारखी गार सावली. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत पायाच्या तळव्याला ओल लागत होती. बाबांनी मला कोपऱ्यात बाजेवर बसवलं आणि ते कामाला लागले. त्या आठवड्यात वेल खाली उतरवायचं काम चाललं होतं. लहानपणी मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण पाहिलं म्हणजे डोळ्यांसमोर होतं एवढंच. या वेळी जायला जागा नव्हती, म्हणून नीट पाहिलं.

वेल वर्षभरात शेवरीच्या खोडाच्या आधाराने दोन पुरुष उंच गेलेला असतो. बाबा शिडीवर चढून गवताच्या एकेक गाठी सोडत होते. सगळ्या सुटल्या की तो अख्खा वेल हळूच खाली घ्यायचा, बुडाशी त्याचं वेटोळं करायचं, आणि वर माती ओढायची. फक्त शेंडा बाहेर. बारा महिन्यांची चढण अर्ध्या तासात जमिनीत गेली. एका वेलाचं असं झालं, मग दुसऱ्याचं, मग ओळच्या ओळ. जिथे हिरवी भिंत होती तिथे संध्याकाळी नुसती खोडं उभी होती.

"बाबा, तुमच्या जिवावर नाही येत?"

"काहून येईन?" ते शिडीवरूनच म्हणाले. "लय वर गेला का पान बारीक पडते. बुडापासून लांब जाते ना तो. मातीत गेला म्हंजे पेरापेराले मूळ फुटते."

"मंग?"

"मंग काय? चढते."

एवढंच. त्यांनी माझ्या पायाकडे पाहून काही उपदेश केला असता तर मी नक्की भडकले असते. त्यांच्या मनात तसं काही नव्हतंच, ते वेलाबद्दल बोलत होते. पंधरा दिवसांनी त्यांनी एका वेटोळ्यावरची माती बोटांनी बाजूला केली आणि मला बोलावलं. प्रत्येक पेराला पांढरी, ओली, दोऱ्यासारखी मुळं सुटली होती. पंधरा दिवस मी त्या मातीशेजारी बाजेवर पडून कुढत होते, आणि माझ्यापासून हाताच्या अंतरावर हे सगळं गुपचूप चाललं होतं. मी कुबडी टाकून खाली बसले आणि किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. बाबांनी शेवटी माती परत ओढून घेतली. "हवा लागते त्याले," म्हणाले.

पुढच्या महिन्यात डॉक्टर बाईंनी पुन्हा एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला. तडा होता त्या जागी हाडाच्या कडेला एक पांढरट उंचवटा आला होता. "हे नवीन हाड," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्हीच तयार केलंय."

मी काहीच केलं नव्हतं. मी आमरस खाल्ला होता, आईशी भांडले होते, पंख्याखाली घोरले होते. मी झोपेत असताना माझ्या पायात कोणीतरी गवंडीकाम केलं होतं आणि ते कोण हे मला आजही माहीत नाही. मी त्या फोटोला दवाखान्यातच हात जोडले. डॉक्टर बाईंनी मान वळवून हसू लपवलं आणि मग म्हणाल्या, "पळा, पण एक अट. दुखलं की तिथल्या तिथे थांबायचं. पुढच्या गावी जाऊन विचार करायचा नाही."

जूनमध्ये पुन्हा कामावर आले. आधी चालले, मग दोन मिनिटं पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, असं लहान मुलासारखं. ऑगस्टमध्ये पाच किलोमीटर, दसऱ्याला वीस, डिसेंबरात बेचाळीस. कुठे काही टोचलं की थांबायचे. पण खरं सांगते, मनात नव्हतं. थांबताना दर वेळी कोणीतरी माझं कामावरून नाव कमी केल्यासारखं वाटायचं. दोनदा तर मी गुपचूप पुढच्या कडुलिंबापर्यंत पळाले. दोन्ही वेळा काही झालं नाही, आणि मला वाटलं, सुटले.

जानेवारीत शर्यतीच्या पहाटे अमरावतीच्या कडेला शंभरेक माणसं उभी होती. तोंडातून वाफ निघत होती. मी दुपट्टा डोक्याला बांधला होता, खिशात गुळ-शेंगदाणे आणि मिठाची पुडी. साडेपाचला निघालो. वलगावच्या आसपास उजाडलं, आणि मग मी जे पाहिलं ते कसं सांगू? माझाच रस्ता. तीच वळणं, तेच मैलाचे दगड. पण आता ते माझ्याकडे येत नव्हते, मी त्यांच्याकडे जात होते. संत्र्याच्या बागेतून गार वास यायचा आणि पावलापावलाने कमी होत जायचा. हरभऱ्यावर दव होतं. गाडीतून जे गाव एका शिंकेत निघून जायचं ते ओलांडायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि त्या पंधरा मिनिटांत मी त्या गावची विहीर पाहिली, आखाडा पाहिला, एका ओट्यावर वेणी घालून घेणारी मुलगी पाहिली. सतरा वर्षं मी या लोकांना त्यांच्या गावाच्या नावाने ओळखत होते आणि त्यांचं गाव मी पाहिलंच नव्हतं.

आसेगावच्या पुलावर तीस किलोमीटर झाले. उत्तरेकडे सातपुड्याची निळी रेघ इतकी स्वच्छ दिसत होती की मी कठड्याला हात लावून उभी राहिले. खाली पूर्णा. माझ्या दोन पायांनी मला इथे आणलं होतं, त्यातल्या एका पायात माहेरी तयार झालेलं हाड होतं. डोळे भरून आले. पाण्याच्या टेबलावरच्या स्वयंसेवकाने विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "लय बरं वाटून राह्यलं."

अठ्ठेचाळीसला आठ टप्पे झाले. यापुढे मी कधीच पळाले नव्हते. वेळही हातात होता. नववा टप्पा सुरू झाला, एक थांबा बराच मागे पडला, पुढचा अजून दोन किलोमीटरवर होता, आणि तेव्हा ते आलं. उजवी नडगी, आतली बाजू, अंगठ्याएवढी जागा. पाऊल टेकलं की बरोबर तिथे.

मी आणखी दहा पावलं टाकली. मोजून दहा. घड्याळ पाहिलं, सव्वादोन वाजायला आले होते. आठ किलोमीटर उरले होते आणि सव्वा तासापेक्षा थोडा जास्त वेळ. चालत गेले तरी पोचले असते, भरभर चालले तर. दोन वर्षं. भेग, वीट, कुबडी. निदान पुढच्या थांब्यापर्यंत तरी, मन म्हणालं. तिथे सावली आहे. तिथे थांबा आहे.

मग मला दवाखान्यातलं ते पांढरट हाड आठवलं. मी झोपले असताना ते कोणी बांधलं होतं, आणि मी जागेपणी ते तोडायला निघाले होते.

मी धुऱ्याकडेला गवतात बसले. तिथे झाड नव्हतं, दगडही नव्हता. बूट काढला आणि मोठ्याने रडले. कोणी पाहत नाही असं समजून रडले, पण समोरच्या वावरात एक बाई तूर सोंगत होती. ती विळा घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. पन्नाशीची असेल, डोक्याला फडकं, पाय अनवाणी.

"काय झालं वं माय?"

"पाय दुखून राह्यला. गाडीची वाट पाहतो."

"इथं नाई थांबत गाडी," ती माझ्याशेजारी बसत म्हणाली. "फाट्यावर जा लागते. ती एक कंडक्टरीन हाये, मेली मरमर केली तरी घंटी देत नाई."

मी वर पाहिलं. टी-शर्ट, डोक्याला दुपट्टा, छातीवर नंबर. तिने मला ओळखलं नव्हतं, आणि मीही तिला नाही.

"माहं वावर हे समोर," ती सांगत होती. "रोज गाडीतून पाहतो त्याले. पुढं फाट्यावर उतरतो अन् दोन किलोमीटर मांगं चालत येतो. आधी म्हनो तिले, आता नाई म्हनत. काय करता?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आभाळाबद्दल बोलावं तशी ती माझ्याबद्दल बोलत होती.

"किती वर्सं झाली?"

तिने जरा आठवून पाहिलं. "पोरगी चौथीत होती. आता तिचं लग्न झालं."

मी मनात टप्पे मोजायला लागले आणि मधेच सोडून दिले. सकाळी मी निघाले तेव्हा मला वाटत होतं की या रस्त्यावर सगळ्यात जास्त पायी मीच जाणार आहे. माझ्या एका न दिलेल्या घंटीमुळे ही बाई अनवाणी किती शर्यती चालली होती, पाठीवर नंबर नाही, टेबलावर पाणी नाही. मी तिच्या टाचांकडे पाहिलं. आमच्या काळ्या मातीसारख्याच भेगा. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते तिला कळलं नसतं. आणि मी कोण हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

तिने कमरेच्या पिशवीतून हिरव्या तुरीच्या शेंगा काढून माझ्या हातात दिल्या. दोघी सोलून खात बसलो. तेवढ्यात दुपारी परतवाड्यापर्यंत एक फेरी करून परत येणारी आमची गाडी दिसली. मला वेळ पाठच होती. मी हात केला. चाचांनी रस्त्याच्या मधोमध, थांबा नसलेल्या जागी, गाडी उभी केली आणि खिडकीतून ओरडले, "या बाई, या! किती राह्यले?"

"आठ," मी म्हटलं.

माझ्या जागी आलेला वाहक तिकिटाचं यंत्र घेऊन आला आणि अडला. "बाई, कुठून देऊ? या जागेचं नाव नाही यात." मी मागच्या फाट्याचं घ्यायला सांगितलं. खिडकीतून पाहिलं तर ती बाई तुरीत शिरत होती. अमरावतीला पोचून मी आयोजकांना नंबर परत दिला.

दोन दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर बाईंनी बराच वेळ फोटो न्याहाळला. हाडाला सूज होती, तडा नव्हता. "कुठे थांबलात?" त्यांनी विचारलं.

"मधेच," मी म्हटलं.

"शाबास." त्या एवढंच म्हणाल्या, पण त्यांनी खुर्चीवरून उठून माझा हात हातात घेतला.

तीन आठवडे घरी बसून मी पुन्हा गाडीवर गेले. पहिल्याच दिवशी, सकाळी अमरावतीला जातानाच, आसेगावच्या पुढच्या एका गावात ती चढली. हातात विळा, कापडात बांधलेली भाकर. माझ्या अंगावर खाकी होती, तिने मान वर करून पाहिलं नाही. फाट्याचं तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसली. मी गाडीत मागे-पुढे करत होते, पण डोळा बाहेर होता. मागचा फाटा गेला. तुरीची वावरं आली, अर्धी सोंगलेली. तिने काच सरकवली आणि आपल्या वावराकडे पाहिलं, रोज पाहते तसं.

मी दोरी ओढली. एक घंटी.

गाडी करकचून थांबली. चाचांनी आरशातून पाहिलं, मग मान मागे वळवून पाहिलं. "इथं कोन उतरते बाई?"

मी तिच्या सीटपाशी गेले. "मावशी, उतरा. तुमचं वावर आलं."

ती उठली नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. तिला ओळख पटली तो क्षण मला दिसला. मी शिव्या खायच्या तयारीत उभी होते.

"पाय बरा हाये का वं?" तिने विचारलं.

"हाये," मी म्हटलं. मी पुढे होऊन दार उघडलं.

ती विळा सांभाळत दारातून खाली उतरली, रस्त्याकडेची चारी ओलांडली आणि सरळ तुरीत गेली. ती आत जाईपर्यंत मी थांबले. मागून कोणीतरी उशीर होतो म्हणून ओरडलं. मग मी दोन घंट्या दिल्या.